कातळाई कुणीकडे बघते

“आई कुणीकडं बघतीया?” नामा गुरवानं विचारलं, आणि गुहेत जमलेली सगळी माणसं शिळेकडे सरकली.

मी नुकतंच शिळेवर पांघरलेलं धोतर ओढून काढलं होतं. होळीनंतर हात घातलेलं काम घटस्थापनेच्या तोंडावर पुरं झालं होतं. आता नारळ फुटेल, कुणीतरी पाठ थोपटेल, गेला बाजार चहा तरी मिळेल, म्हणून मी बाजूला उभा होतो. आबा पाटील पेट्रोमॅक्स घेऊन शिळेजवळ गेले. त्यांनी उजेड खालून वर नेला आणि देवीच्या चेहऱ्यापाशी थांबवला.

देवी रेड्याच्या पाठीवर गुडघा रोवून होती. डाव्या हाताची बोटं त्याच्या नाकपुड्यांत घालून तिनं मुंडकं मागे ओढलं होतं, उजव्या हातातला तेगा मानेत शिरला होता. एवढं सगळं गावाला पाहिजे तसं होतं. पण देवीचा चेहरा रेड्याकडे नव्हता. खांद्यावरून मान वळवून ती गुहेच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या भुवया जराशा जवळ आल्या होत्या.

“त्वांड फिरवलंय आईनं,” गुरव हळूच म्हणाला.

पाटील माझ्याकडे वळले. माणूस रागावला की आवाज चढवायचा नाही, अशी त्यांची रीत होती. “पेंटर,” ते म्हणाले, “देवीनं गावाकडनं त्वांड फिरवलं तर गावानं जायचं कुठं, तेवढं सांगा.”

मी पेंटर नव्हतो. पण आमच्या कोल्हापूरकडे सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, गणपती करणारा आणि दगड फोडणारा, सगळे पेंटरच. मी शिल्पकलेचा डिप्लोमा घेतलेला, सव्विशीतला, अंगात रग असलेला गडी होतो. माझ्या शिळेला कुणी नाव ठेवलं की मला मिरची झोंबायची. तरी पाटलांपुढे मी जीभ आवरली. देवीचं तोंड तिकडे का, ह्याचं खरं उत्तर सांगितलं असतं तर त्यांनी मला गावाबाहेर काढलं असतं.

खरं उत्तर आमच्या कलाशाळेच्या मागच्या व्हरांड्यात होतं. इंग्रजांच्या काळात विलायतेहून आलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृती तिथे धूळ खात पडल्या होत्या. त्यातल्या एका मोठ्या पाटीवर टोकदार टोपी घातलेला एक तरुण बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याच्या मानेत सुरा खुपसत होता. जखमेकडे एक कुत्रा झेपावला होता, एक साप तोंड लावून होता, आणि एक विंचू बैलाला अशा जागी डसला होता की पहिल्या वर्षाची पोरं ती पाटी बघून तोंडावर हात धरायची. दोन्ही कडांना मशालवाले उभे होते, एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली. वरच्या मशालीला आम्ही पावसाळ्यात छत्र्या अडकवायचो. बैलाच्या शेपटीच्या टोकाला केसांऐवजी गव्हाच्या लोंब्या होत्या. आणि तो मारणारा तरुण बैलाकडे बघतच नव्हता. खांद्यावरून मागे, वरच्या कोपऱ्यातल्या सूर्याकडे त्याचं तोंड होतं.

इतर पोरांनी व्हीनस काढली, मी ती पाटी काढत बसलो. मला ती सोडेना. आमचे गुर्जर सर एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ह्याचं नाव मिथ्र. रोमन शिपायांचा देव. आपल्या वेदांतल्या मित्राचा लांबचा नातेवाईक म्हण हवं तर, पण ते फार ताणू नकोस.” जमिनीखालच्या, गुहेसारख्या अंधाऱ्या खोल्यांत त्याची पूजा व्हायची, आणि समोर ही अशी शिळा असायची, एवढं त्यांनी सांगितलं. त्या लोकांची पोथी म्हणून काही उरली नाही. उरले ते दगड.

“मग हा बैलाकडे का बघत नाही, सर?”

“कुणी म्हणतं, सूर्याची आज्ञा झाली म्हणून मारतोय, म्हणून सूर्याकडे बघतो. कुणी म्हणतं, त्याला बैलाची दया येते. मी नोकरीला लागल्यापासून बघतोय, मला काही कळलेलं नाही. तुला कळलं तर मला सांग.”

कातळवाडीचं काम मला मिळालं ते गुर्जर सरांच्याच शब्दावर. डोंगराच्या कुशीत गुहा, आत शेंदरानं माखलेला कातळाईचा तांदळा, नाक-डोळे नसलेला गोल दगड. त्याच्या मागे रेडा मारणाऱ्या देवीची मूर्ती असलेली मोठी शिळा उभी करायचं गावानं ठरवलं होतं. काळ्या पाषाणाची शिळा आधीच आत नेऊन ठेवली होती, मी तिथेच बसून घडवायची होती. गुहेत उजेड यायचा तो फक्त तोंडाकडून. त्या अंधारात पाय ठेवला आणि मला आमच्या व्हरांड्यातला तो टोपीवाला आठवला. त्याला दगडात उतरवायची संधी आपण होऊन चालत आली आहे असं मला वाटलं.

राहायची सोय बाळकू इंगवल्याच्या घरी होती. बाळकू चाळिशीच्या अलीकडचा, कमी बोलणारा, रुंद मनगटांचा माणूस. कातळाईपुढे नवमीला रेडा तोडायचा मान त्याच्या घराचा. आजवर बाप तोडायचा, तो माघात गेला. यंदा पहिल्यांदा तेगा बाळकूच्या हातात येणार होता.

देवीचा रेडा वासरू असल्यापासून मानकऱ्याच्याच गोठ्यात वाढतो, त्याला कामाला जुंपत नाहीत आणि त्याचं नाव ठेवत नाहीत. इंगवल्यांच्या घरात त्याला ‘पावणा’ म्हणायचे. “पावण्यानं पानी पेलं का?”, “पावण्याला भाकर दिली का?” पहिल्या दिवशी मी खरंच कुणी पाहुणा आलाय असं समजून आंघोळीला नंबर लावून बसलो होतो. बाळकूची बायको हौसा त्यावर श्रावणापर्यंत हसत होती. संध्याकाळी ती पहिली भाकरी तव्यावरून थेट पावण्याकडे न्यायची, मग आम्हाला वाढायची. तो तिच्या हातावर ओलं नाक टेकवून उभा राहायचा.

घाव एकच पडायला हवा, असा नियम होता. दुसरा घालावा लागला की मान त्या घरातून जायचा, आणि वर्षभरात गावात जे वाईट होईल ते त्या घराच्या माथी बसायचं. पूर्वी मान बाळकूच्या चुलत्याकडे होता. त्याचा दुसरा घाव पडला, मान बाळकूच्या बापाकडे आला, आणि त्याच वर्षी पटकी आली. त्या घराला आता कुलूप होतं आणि अंगणात रुई वाढली होती. बाळकूचं जेवण त्यामुळेच तुटलं होतं. तो परड्यात केळीचे खुंट रोवून रोज सकाळी तेगा चालवायचा. हौसा तेवढा वेळ पाण्याला जायची.

एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसलो. देवीच्या हातासाठी मला त्याचं मनगट हवं होतं. माझ्या लक्षात आलं, की तेगा खाली येतो त्या क्षणी हा खुंटाकडे बघत नाही. मान डावीकडे वळवतो.

“असं का करता?”

“बानं शिकवलंय,” तो म्हणाला. “पैलं बघून घ्यायचं, जागा हेरायची. तेगा सुटला की त्वांड वळवायचं. जनावराच्या डोळ्यांत बघायचं न्हाय. जाताना त्येला आपलं त्वांड दिसलं, की त्ये आपल्या मागं येतं.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. गुर्जर सरांना आयुष्यभर न सुटलेलं कोडं परड्यातल्या केळीच्या खुंटापाशी सुटलं, असं मला वाटलं: मारणाऱ्यालाच ते बघवत नाही. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी पावण्याला स्वतःच्या ताटातली भाकरी नेऊन घातली.

मग मी शिळेत सगळंच आणलं. कुत्रा आणला, साप आणला. विंचू आणला, पण जरा सभ्य जागी. दोन्ही बाजूंना दिवटीवाले उभे केले. उलटी दिवटी गावात अभद्र, म्हणून दोघांच्याही दिवट्या वर ठेवल्या. रेड्याच्या शेपटीला जोंधळ्याचं कणीस लावलं. अधूनमधून डोकावणाऱ्या लोकांना हे सगळं पसंत पडायचं. रेडा पडला की रक्तात कालवलेला भात शिवेवर शिंपडायची रीत होतीच, तेव्हा शेपटीतून कणीस का फुटलं हे त्यांना सांगावं लागलं नाही. देवीचा चेहरा मात्र मी शेवटी केला आणि झाकून ठेवला. दयेनं जड झालेला चेहरा मी केला, असं मला वाटत होतं. तो उजेडाकडे, म्हणजे गुहेच्या तोंडाकडे वळवला.

आणि आता पाटील विचारत होते, गावानं जायचं कुठं.

मी मिथ्राचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणालो, की आईचं काळीज हळवं, म्हणून ती बघत नाही. गुरव म्हणाला, हळव्या काळजाच्या आईनं गाव कसं राखायचं? कुणी म्हणालं, चेहरा तासून सरळ करा. मी सांगितलं, तेवढा दगडच आता शिल्लक नाही. त्यावर मागून एक आवाज आला, मग फोडा आणि ओढ्यात टाका. इतक्या महिन्यांचं काम, माझं पहिलं मोठं काम, माझ्यासमोर घणाखाली जाणार होतं.

बाळकू मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, आणि माणसांनी त्याला वाट दिली. तो शिळेसमोर बराच वेळ उभा राहिला. मग वळून गुहेच्या तोंडाकडे गेला आणि तोडीच्या दगडापाशी, नवमीला मानकरी उभा राहतो त्या जागी उभा राहिला. तिथून त्यानं देवीकडे बघितलं. ती थेट त्याच्याकडे बघत होती. हे तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला.

“बाळकू, तुला कळतंय का काय बोलतुयास?” पाटील म्हणाले.

“आबा, नवमीला आईलाच इचारू. एका घावात झालं तर तिला ह्ये रूप पसंत. दुसरा लागला तर शिळा फोडा, आन आमचा मानबी घ्या काढून.”

पाटलांनी मान डोलावली. घरी परतताना मी बाळकूला विचारलं, की माझ्या दगडासाठी तुम्ही तुमचं घर पणाला का लावलंत. तो चालत राहिला. दार आल्यावर म्हणाला, “तिलाबी जड जातंय. बघून बरं वाटलं, पेंटर.”

नवमीपर्यंतचे दिवस वाईट गेले. हौसा माझ्याशी बोलेना, आणि तिचं चुकत नव्हतं. बाळकूनं केळीचे खुंट तोडणं बंद केलं होतं. तो पावण्याला ओढ्यावर नेऊन तासन्‌तास धूत बसायचा. मी शिळेवर उगाच हात फिरवायला जायचो आणि प्रत्येक वेळी तो चेहरा माझ्यावर नाही, माझ्या पाठीमागे कुणावर तरी रोखलेला दिसायचा. मीच कोरलेल्या डोळ्यांची मला भीती वाटायला लागली होती.

नवमीला उन्हं वर आल्यावर ढोल सुरू झाले. पावण्याच्या शिंगांना हळद लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली. हौसानं त्याला घरातच ओवाळलं आणि ती आत गेली, गुहेकडे आली नाही. तोडीच्या दगडापाशी रेड्याचं तोंड देवीकडे करून गड्यांनी कासरे धरले. आश्चर्य म्हणजे तो ओढाताण न करता उभा राहिला. बाळकू उघड्या अंगानं त्याच्या बाजूला आला. गुरवानं त्याच्या हातात तेगा दिला. सगळं गाव हात जोडून होतं आणि मी गुहेच्या तोंडाशी एका बाजूला दगडाला पाठ लावून उभा होतो.

तेगा वर गेला. मी शिळेकडे बघायला लागलो. आपलं काम शेवटचं बघून घेतोय, असं मी स्वतःला सांगितलं. आवाज आला, लाकूड फुटल्यासारखा, एकदाच. मग चांगभलंचा गजर असा उठला की गुहेतून माती झडली.

एकच घाव पडला होता. पाटलांनी मला मिठी मारली, माझ्या कपाळाला भंडारा फासला, गुरवानं शिळेला साडी नेसवायला घेतली. बाळकू मात्र हलला नव्हता. रीतीप्रमाणे त्यानं तेगा टाकून देवीपुढे आडवं व्हायचं असतं. तो मान खाली घालून जमिनीकडे बघत तसाच उभा होता. शेवटी गुरवानं त्याला खांदे धरून वळवलं. लोक म्हणाले, बापाची आठवण आली असेल.

त्या दिवशी तो जेवला नाही. मी सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा गोठ्यात खुंट्याला दावं तसंच होतं आणि हौसा शेजारची जागा झाडत होती. तिनं मला दही घातलं हातावर. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. “सुखरूप जावा, दादा,” ती म्हणाली.

पुढे माझं नाव झालं. चौकाचौकांत माझे पुतळे उभे राहिले, सगळे सरळ समोर बघणारे. कातळवाडीच्या शिळेबद्दल मी कुणाला फारसं सांगितलं नाही. पण स्वप्नात ती गुहा यायची आणि त्यात मी नेहमी मागे वळून बघायला घाबरायचो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी छिन्नी बंद करायला सांगितली, तेव्हा मनात आलं, ती शिळा एकदा डोळे भरून बघून यावं.

गुहेपर्यंत आता डांबरी रस्ता होता. आत फरशी, ट्यूबलाइट, दानपेटी. शिळा जागेवर होती. कुत्रा, साप, कणीस सगळं तेलानं काळंभोर झालेलं. पण देवीच्या चेहऱ्यावर पितळेचा मुखवटा बसवला होता. मोठाल्या डोळ्यांचा, हसरा, सरळ समोर बघणारा. धड एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, असं ते विचित्र दिसत होतं, पण बघणाऱ्यांना तसं वाटत नसावं. नामा गुरवाचा नातू म्हणाला की रेडा केव्हाच बंद झाला, आता कोहळा कापतात. मान अजून इंगवल्यांचाच आहे.

बाळकू अंगणात घोंगड्यावर बसला होता. मी नाव सांगायच्या आत त्यानं “पेंटर” अशी हाक मारली. मनगटं तेवढी तशीच राहिली होती. हौसाही वाकली होती. तिनं चहा टाकला. बोलता बोलता माझी नजर गोठ्याकडे गेली. घरात म्हैस नव्हती, शेळी नव्हती. तरी एका खुंट्यापाशी जागा सारवलेली होती, दावं होतं, आणि गव्हाणीत ओली वैरण टाकलेली होती.

मी मुखवट्याचा विषय काढला. वाईट वाटलं, असं म्हणालो. “गावाला बरं वाटतंय,” बाळकू म्हणाला. “ऱ्हाऊ दे. तुमचं काम हाय की खाली.”

“त्या दिवशी तुम्ही मान वळवलीत, तेव्हा तुमची-तिची नजरानजर झाली असेल,” मी म्हणालो. “मला नेहमी वाटतं, त्या नजरेनंच तुमचा हात राखला.”

त्यानं बोटांनी घोंगड्याची एक दशी ओढून काढली.

“म्या मान वळवली न्हाय, पेंटर.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तेगा वर घेतला आन आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत हुती, पावण्याकडं न्हाय. गावाकडं बघितलं, समद्यांनी डोळं मिटल्यालं. तुमीबी त्वांड फिरवलंत, दिसलं मला. मनात आलं, जिच्यासाठी ह्यो मरतुया ती बघंना, ज्ये मारत्यात त्ये बघंनात. मग पावण्यानं बघायचं तरी कुणाकडं?” तो थांबला. “म्हनून म्या बघितलं. त्यो माझ्याकडंच बघत हुता. वळखत हुता मला.”

दयेचा चेहरा म्हणून मी जे कोरलं होतं ते नुसतं नजर चुकवणं होतं, हे मला तेव्हा कळलं. गुर्जर सरांना सांगायला हवं होतं. पण सर कधीच गेले होते.

चुलीपाशी हौसानं पहिली भाकरी तव्यावरून उतरवली. आमच्याकडे न बघता ती उठली आणि भाकरी घेऊन गोठ्यात गेली. सारवलेल्या जागेपाशी उभी राहून तिनं तळहातावर भाकरी धरली. बाळकूही तिकडेच बघत होता, आणि त्यानं मान वळवली नाही.

“तुमचे वडील म्हणायचे ते...” मी गोठ्याकडे बोट केलं. “येतो का तो मागे?”

“येतुया की,” बाळकू म्हणाला. “पावणा हाय त्यो. आल्यावर जा कसं म्हनायचं?”